ट्रिप सुचते कुठनं?

रोमहून फ्लॉरेन्सला जाताना हायवेवर एका ठिकाणी आमची बस थांबली, टॉयलेट आणि कॉफीसाठी वीस मिनिटं. २०१७ चा मे महिना. ग्रुपमध्ये बेळगावचे, निपाणीचे, चारपाच हुबळीचे असे मिळून पस्तीसेक लोक, कुणी पिशवीतनं चिवडा काढला, कुणी पाय मोकळे करत हिंडायला लागलं, मी रस्त्यावरच्या पाटीचा फोटो काढला. कारण काही नाही, दिसेल त्याचा फोटो काढायची सवय लागलेली. पाटीवर अरेत्सो असं लिहिलं होतं. मग बसमध्ये बसलो, संध्याकाळी फ्लॉरेन्स, दुसऱ्या दिवशी पिसाचा मनोरा, तिसऱ्या दिवशी व्हेनिस, आणि बारा दिवसांत सात देश करून मुंबईला उतरलो आणि तिथनं रात्रीच्या गाडीनं बेळगाव.

तो फोटो मी पुढं सहा वर्षं उघडला नाही. जुलै २०२३ मध्ये मोबाईलवर बातमी आली की इटलीतल्या मोंतोने नावाच्या गावात नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक केलंय, सावलीच्या घड्याळाच्या रूपात. घाडगे मूळचे रायगड जिल्ह्यातले, पण पलटण आमची, मराठा लाईट इन्फंट्री, जिचं सेंटर आमच्या बेळगावात आहे आणि जिच्या बिगुलाचा आवाज कॅम्पात राहणाऱ्यांना घड्याळासारखा ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात समोरच्या मशिनगननं त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, हे एकटे पुढं धावले, बॉम्ब टाकून मशिनगन गप्प केली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून शेवटच्या दोघांशी लढले आणि मग लपून बसलेल्यांच्या गोळीनं गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. स्मारकावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

बातमी वाचून मी मॅप उघडला आणि मोंतोने शोधलं, आणि शेजारी ते नाव दिसलं. अरेत्सो. सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. अजून थोडं वाचल्यावर कळलं की खुद्द अरेत्सोलाच युद्धातली दफनभूमी आहे आणि तिथं कितीतरी भारतीय शिपायांची नावं आहेत. इटलीच्या त्या लढाईत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते, त्यातले ५,७८२ परत आले नाहीत.

आता हे मी का सांगतोय. माझा आज्जा त्याच मराठा पलटणीतला. इटलीत लढून जिवंत परत आला, खानापूरकडच्या आमच्या गावात शेती केली, युद्धाबद्दल फार काही बोलायचा नाही. पण आज्जी भाकरी थापत असली की चुलीपाशी बसून म्हणायचा, 'पाने दे गं', आणि आम्ही पोरं पळत परसात जाऊन केळीची पानं तोडून आणायचो. आज्जा हसायचा, पान अंथरायचा, त्याच्यावर भाकरी घ्यायचा. इटालियन भाषेत पाने म्हणजे पाव, रोजचं अन्न, हे मला रोममध्ये हॉटेलच्या बिलावर तो शब्द छापलेला दिसला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो. बायकोला सांगितलं, तिच्याही डोळ्यात पाणी आलं. आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून अरेत्सोवरनं पुढं निघून गेलो, कारण आज्जा इटलीत नेमका कुठं होता हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि पॅकेज घेताना इटलीच का हेही कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलासुद्धा नाही. सगळे जातात, फोटो बघितलेले, ऑफर चांगली होती, एवढंच.

टूरवाल्यांचा यात दोष नाही, त्यांनी जे सांगितलं ते सगळं दाखवलं. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. फिरायला कुठं जायचं हे आपल्याला सुचतं कुठनं? हा प्रश्न घरातला वाटतो, नवरा-बायकोनं बसून ठरवायचा, पण मला तो आता सगळ्या गावाचा प्रश्न वाटायला लागलाय. कारण एकाच स्क्रीनवरनं लाखो लोकांना एकाच वेळी एकच जागा सुचायला लागली की त्या जागेचं काय होतं ते आपण बघतोय. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरलेल्या दिवसांत नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडनं पाच युरो घ्यायला सुरुवात केली. जपानमध्ये फुजी डोंगराखालच्या एका गावानं त्याच वर्षी मे महिन्यात एका दुकानासमोर काळं जाळीचं पडद्यासारखं कुंपण घातलं, कारण दुकानाच्या मागं डोंगर असा फोटो काढायला माणसं रस्त्यात उभी राहायची, वाहनांपुढं यायची, गावातल्या लोकांना जगणं मुश्किल झालेलं. डोंगर झाकायची पाळी आली म्हणजे बघा. आणि लांब कशाला, पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीला जाऊन या, धबधब्याच्या अलीकडं दोन किलोमीटर गाड्या, सगळ्यांना तोच धबधबा, तीच पायरी, तोच फोटो पाहिजे.

मला वाटतं आठवणीत राहणाऱ्या ट्रिपचं बी आपल्याच गावात पडलेलं असतं, आणि ते उचलायला शिकवणं हे शाळेचं, वाचनालयाचं, आपल्या मंडळांचं काम आहे, जे आपण पूर्णपणे मोबाईलवर सोडून दिलंय.

रताळ्याचंच घ्या. बेळगावच्या पश्चिम भागातली लाल माती आणि रताळी, हे सगळ्यांना माहीत आहे, उपवासाच्या दिवसांत मार्केट यार्डात गेलात तर पोत्यांच्या राशी लागलेल्या असतात, बाहेरच्या राज्यातनं ट्रक येऊन थांबलेले. आमच्या आत्तीच्या शेतात मी लहानपणी वेल लावायला जायचो, वरंब्यावर वेलाचा तुकडा वाकडा करून दाबायचा, दोन्ही टोकं वर राहिली पाहिजेत, आणि काढणीला बैलांनी नांगर धरला की मातीतनं लालगुलाबी रताळी वर यायची, पोरांनी मागनं बुट्टी घेऊन पळायचं. हातावर चीक काळा पडायचा, आठ दिवस जायचा नाही. इतकं आपलं वाटणारं रताळं मूळचं अमेरिका खंडातलं आहे. आणि नुसतं रताळं नाही, एकादशीचं ताट समोर घेऊन बसा, बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्या कंदापासनं होतो तो ब्राझीलकडचा, मिरची तिकडचीच, राजगिराही. भगर आणि दही तेवढं आपलं. आपल्या आज्ज्यांनी देवाच्या नावानं जे पवित्र मानलं ते अर्ध्या जगाचा प्रवास करून पोर्तुगीजांच्या जहाजांसारख्या वाटांनी आलंय, आणि ज्या गोव्यात यातलं कितीतरी उतरलं तो गोवा आमच्यापासनं चोर्ला घाट उतरला की आलाच.

पुढची गोष्ट अजून मोठी आहे. न्यूझीलंडमधले माओरी लोक रताळ्याला कूमरा म्हणतात, आणि पेरूच्या बाजूच्या जुन्या भाषांमध्येही रताळ्याला त्याच्याशी मिळताजुळता शब्द सापडतो. युरोपची जहाजं त्या समुद्रात जायच्या कितीतरी आधी पॅसिफिकच्या बेटांवर रताळं पोचलेलं होतं. होडीतनं माणसांनी नेलं की समुद्रानं वाहून नेलं याच्यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, बटाटा आणि रताळ्यावर काम करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, १९७१ मध्ये सुरू झालेलं, तिथं या कंदांच्या हजारो जाती जपून ठेवल्यात. आता सांगा, आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला पेरू बघावंसं वाटायला माचूपिचूचं रील कशाला पाहिजे, त्याच्या हाताला लागलेला चीक पुरे आहे की. तो जेव्हा लिमाच्या बाजारात उभा राहून पिवळी, जांभळी, पांढरी रताळी बघेल तेव्हा तिथल्या म्हातारीला तो वेल वाकडा करून कसा दाबायचा ते हातानं करून दाखवू शकेल, आणि ती त्याला तिची पद्धत दाखवेल, आणि अशी ट्रिप माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

दुसरं एक सांगतो. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत, भीमगडच्या जंगलात. तिथं एक वटवाघूळ सापडतं, मोकळ्या शेपटीचं, मोठ्या कानांचं. १९१३ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली आणि पुढं कितीतरी वर्षं सगळ्या जगात ते फक्त याच गुहांमध्ये आहे असं मानलं जायचं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. खानापूरच्या शाळेतल्या किती पोरांना हे माहीत आहे? मी विचारून बघितलं, दहातल्या एकाला. आणि आता मी हे लिहिलं म्हणून कृपा करून तिकडं टॉर्च आणि मोबाईल घेऊन जाऊ नका, माणसांची वर्दळ वाढली की वटवाघळं जागा सोडतात, पिल्लं मरतात. ती जागा बघायची नाही, ती जागा आपल्याकडं आहे हे माहीत असणं एवढं बास आहे. पण त्याच कुळातली वटवाघळं बघायला टेक्सासमध्ये ऑस्टिनला जाता येतं. तिथं शहराच्या मधोमध नदीवर एक पूल आहे, १९८० मध्ये तो नव्यानं बांधला तेव्हा खालच्या फटींत वटवाघळं येऊन राहायला लागली, लोक घाबरले, हाकलून द्या म्हणाले, मग जाणकारांनी गावाची समजूत घातली, आणि आता उन्हाळ्यात पंधरा लाखांपर्यंत वटवाघळं तिथं असतात, संध्याकाळी ती बाहेर पडताना बघायला माणसं पुलावर ओळीनं उभी राहतात. आमच्या टिळकवाडीतनं, शहापुरातनं कितीतरी आईबाप मुलीच्या बाळंतपणाला टेक्सासला जातात, सहा महिने राहतात, मॉलमध्ये फिरून कंटाळतात. त्यांना कुणीतरी तळेवाडीची गोष्ट सांगून पाठवायला पाहिजे होतं असं मला फार वाटतं.

याच्यावर लोक मला काय म्हणतात ते माहीत आहे. पहिलं म्हणजे, माणूस वर्षभर राबतो, चार दिवस डोकं बाजूला ठेवायला जातो, त्याला कशाला अभ्यास लावता. हे मला मान्य आहे. उद्यमबागेत फाउंड्रीत बारा तास उभं राहणारा माणूस मालवणला जाऊन नुसता वाळूत झोपला तर तो त्याचा हक्क आहे, त्याला मी काही विचारणार नाही. मी बोलतोय ते आयुष्यात एकदा-दोनदा होणाऱ्या मोठ्या ट्रिपबद्दल, ज्याच्यासाठी माणूस एफडी मोडतो, सोनं ठेवतो, तीन वर्षं पैसे साठवतो. एवढा खर्च करून परत आल्यावर काय बघितलं विचारलं तर मोबाईल पुढं करावा लागत असेल तर काहीतरी चुकलंय.

दुसरं म्हणतात की रीलमुळंच तर साध्या माणसाला जग दिसलं. हे खरं आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो. हुक्केरीतल्या, रायबागातल्या मुलीला एकटी बाई बॅग घेऊन व्हिएतनाम फिरू शकते हे कुठल्या पुस्तकानं नाही दाखवलं, रीलनंच दाखवलं, घरातल्यांशी भांडायचं बळ तिला तिथनं मिळालं. पण रील धीर देतं, जागा दाखवतं, तू तिथं का जावंस हे ते सांगू शकत नाही, कारण त्याला तुझी आज्जी माहीत नाही, तुझं शेत माहीत नाही. ते काम तुझ्या आजूबाजूच्यांनी करायचं होतं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागतं, ते म्हणजे आपल्या भागात आहे काय एवढं. सीमाभागातल्या माणसाला हे ऐकायची सवय लागलीय. इकडनं बघितलं तर आम्ही महाराष्ट्राच्या कडेला, तिकडनं बघितलं तर कर्नाटकाच्या कडेला, काही वाद पेटला की कोगनोळीच्या नाक्यावर बस थांबते आणि आम्ही मधल्यामध्ये. त्यामुळं आपण मध्यभागी असू शकतो हेच आमच्या पोरांच्या डोक्यात येत नाही. पण प्रवासाच्या दृष्टीनं कडेला राहणं हे नशीब आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, नाटका-सिनेमात हिंदी, गोव्याच्या पाहुण्यांशी कोकणी, हे चार भाषांत जगणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. परक्या गावात जाऊन हातवारे करून, दोन शब्द शिकून माणसाशी बोलायचं ही कला आमच्या गल्लीतल्या पोरांना आयतीच येते, ती फक्त पॅकेजच्या बसमध्ये वाया जाते.

स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले होते, दहाबारा दिवस राहिले, आधी भाटे यांच्याकडं आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी. शिकागोला धर्मपरिषद आहे, जायची इच्छा आहे, असं त्यांनी हरिपदबाबूंना सांगितलं. हरिपदबाबू लगेच म्हणाले वर्गणी काढतो. स्वामींनी थांबवलं, आधी रामेश्वर करायचंय म्हणाले. आमच्या शाळांमध्ये हा प्रसंग भाषणात येतो पण मला त्यातली प्रवासाची गोष्ट मोठी वाटते, की पैसे समोर आले म्हणून तो माणूस निघाला नाही, पुढं निघाला तेव्हा सगळा देश पायाखालनं घालून निघाला, आणि म्हणून तिकडं गेल्यावर सांगायला त्याच्याकडं काहीतरी होतं.

मग करायचं काय. शाळेची सहल हा पहिला भाग. आता सहल म्हणजे रिसॉर्ट आणि वॉटर पार्क झालंय, पोरं सकाळी सहाला बसमध्ये बसतात, दिवसभर पाण्यात, रात्री झोपून परत. त्याच पैशात हलशीला न्या, कदंबांची दुसरी राजधानी होती ती, भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे, तिथनं कणकुंबीला न्या जिथं मलप्रभा उगम पावते, आणि पोरांना विचारा की हे पाणी कुठल्या समुद्राला जातं. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून मलप्रभा त्याच्याकडं पाठ करून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते, आणि त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात उतरते. हे डोळ्यांनी बघितलेलं पोर उद्या युरोपच्या नकाशात राईन आणि डॅन्यूब कुठं फुटतात ते शोधल्याशिवाय राहणार नाही. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, छताला दगडाचं कमळ, शाळेपासनं रिक्षानं दहा मिनिटं, तिथंही न्या.

दुसरं वाचनालय. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ मधलं आहे, म्हणजे १८५७ च्याही आधीचं. गावोगावी अशी छोटी-मोठी वाचनालयं आहेत, व्याख्यानमाला होतात, खुर्च्या असतात, माईक असतो, चहा असतो. महिन्यातनं एक संध्याकाळ प्रवासाला द्या. कुणी मोठा वक्ता बोलवायची गरज नाही, पलटणीतनं रिटायर झालेला माणूस बोलवा, तो लेबनॉनला किंवा सुदानला शांतिसेनेत जाऊन आलेला असतो आणि गल्लीत त्याला कुणी विचारलेलं नसतं. हत्तरगीला विमानांचे पार्ट बनतात, एअरबसमध्ये लागणारे, तिथं काम करणारी पोरगी बोलवा, तिच्या हातचा तुकडा कुठल्या देशात जाऊन जोडला जातो ते तिच्याकडनं ऐका. समोर बसलेल्या पन्नासातल्या दोघांना जरी रात्री झोपताना एखादं गाव डोक्यात राहिलं तरी काम झालं.

आमच्या गल्लीत मी गेल्या मे महिन्यात दहाबारा पोरांना घेऊन एवढंच केलं, घरातली एक वस्तू आणा आणि ती मूळची कुठली ते शोधा. एकानं काजू आणला, ब्राझीलला पोचला. एकानं आज्जीची शहापुरी साडी आणली आणि हातमागावरनं कुठनं कुठं गेला. सातवीतल्या एका मुलीनं रताळं आणलं, आणि चार दिवसांनी येऊन मला विचारलं, काका, माओरी लोक पण ते उपवासाला खातात काय? मला उत्तर माहीत नव्हतं. तिनं वहीत लिहून ठेवलंय, मोठी झाली की जाऊन विचारते म्हणते.

मी आणि बायको या ऑक्टोबरला मोंतोनेला जातोय. पॅकेज नाही, पेरूजाला उतरायचं, तिथनं उत्तरेला वर जायचं, मग अरेत्सो, आणि शेवटी कासीनो नावाचं गाव, कारण ज्यांचा देहही मिळाला नाही त्यांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत, घाडगेंचंही आहे. देश एकच, दिवस नऊ. आज्जा नेमका कुठं कुठं होता त्याचे कागद मिळतात का बघायला लागलोय, ट्रंकेतनं एक पुस्तिका निघालीय, शाई पुसटलीय पण दोन तारखा लागतात.

गेल्या आठवड्यात आत्तीकडं गेलो, ती आता ऐंशीच्या पुढं आहे, तिला मोबाईलवर स्मारकाचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला, बोटानं मोठा करून बघितला. मग विचारलं, हे घड्याळ उन्हावर चालतं होय? होय म्हटलं. मग म्हणाली, 'बाबा सांगायचे तिकडं पाऊस लई, चिखलात पाय रुतायचे. ऊन आहे काय बघून जा रे बाळा.'